बरणीतली तब्येत

सजीव कोणता आणि निर्जीव कोणता, हा प्रश्न विज्ञानानं कायमचा सोडवला आहे. आमच्या घरी मात्र १९८३ च्या सप्टेंबरात तो तीन आठवडे सुटत नव्हता, आणि माझ्या सासऱ्यांचा हर्निया त्यावर अडून बसला होता.

सासरे, म्हणजे बापूजी, सावनेरहून ऑपरेशनसाठी आमच्याकडे आले ते मांडीवर काचेची बरणी घेऊन. आत काळ्या चहासारखं पाणी आणि त्यावर तरंगणारं जाड, ओलं धिरडं. सावनेरचे त्यांचे मित्र मनोहरराव यांनी ते दिलं होतं. मनोहररावांना कोळसा खाणीतल्या बाबूनं, बाबूला म्हणे कुणा रशियन इंजिनिअरनं. बिनदुधाचा गोड चहा घालत राहायचा, तो आंबला की प्यायचा. त्यानं हर्निया आपोआप आत जातो, असं बाबूचं म्हणणं. रशियन इंजिनिअरचं काय म्हणणं होतं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी ऑपरेशन लवकर करा म्हणून बजावलं होतं. गाठ उन्हाळ्यात लिंबाएवढी होती, पोळ्यापर्यंत संत्र्याएवढी झाली. माझी बायको उत्तरा रोज बापूजींच्या मागे लागे. शेवटी त्यांनी तोड काढली.

"हे मेलं तं मी उद्याच ऑपरेशन करतो. पण जितं असन, तं मले पिऊ द्याचं."

चौथ्या दिवशी धिरडं तळाला गेलं.

"मेलं," उत्तरा म्हणाली. तिच्या आवाजात दुःख नव्हतं.

"झोपून राहिलं ते," बापूजी म्हणाले. "जावईबापू, तुमी बीएस्सी आहा. पाहा."

मी पाहिलं. खालून तपकिरी दोरे लोंबत होते. ते मुळं असतील तर चांगलं, आतडी असतील तर वाईट. कडेला एक काळा ठिपका दिसला. सडायला लागलं, असं मी जाहीर केलं. उत्तरानं चमच्यानं ठिपका काढला. चहापत्ती निघाली.

मग शेजारच्या रंभाबाईंना बोलावलं. गल्लीभरची लोणची त्याच घालत. त्यांनी फडकं सोडून वास घेतला, पुन्हा घेतला.

"आंबट आहे. लोणचं असतं तं सांगतलं असतं मी. हे बिगडलं तरी असंच दिसत असन न वं?"

तेवढ्यात बापूजींनी एक पेला पिऊन घेतला.

रविवारी मी मुकुंदला आणलं. तो माझा कॉलेजातला मित्र, वनस्पतिशास्त्र शिकवायचा. त्यानं भिंग लावून दहा मिनिटं पाहिलं.

"हा एक जीव नाही," तो म्हणाला. "यीस्ट आणि जिवाणू मिळून वस्ती करतात. त्यातले काही मेलेले असणार, काही जिवंत."

"किती मेले?" उत्तरानं विचारलं.

"तसं सांगता येत नाही."

"मंग जिते किती?" बापूजींनी विचारलं.

"तेही नाही."

"मास्तर, सावनेरच्या म्युनिसिपालटीत तुमचं चांगलं जमलं असतं."

मुकुंदनं चहा घेतला, आमचा, दुधाचा, आणि जाताना खुणा सांगितल्या. वर हिरवी-काळी केसाळ बुरशी आली तर फेकून द्या. तळाला जाण्याचा काही अर्थ नाही. दोऱ्यांचाही नाही. वर नवी साय धरली, तर तब्येत ठीक.

म्हणजे आता वाट पाहणं आलं. उत्तरा सकाळ-संध्याकाळ बुरशी शोधायची. बापूजी साय शोधायचे, एक हात कंबरेखाली दाबून धरून. मी दोघांच्या मधून पाहायचो आणि मला दोन्ही दिसायचं. एकदा उत्तरा मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "मूठभर मीठ टाकू का आत?" मी नको म्हणालो. का म्हणालो, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

तिसऱ्या आठवड्यात वर पांढरी, गुळगुळीत चकती धरली. मुकुंद येऊन पाहून गेला. "ठणठणीत आहे," तो म्हणाला. एवढं स्पष्ट मत त्यानं पहिल्यांदाच दिलं. उत्तरा पोळ्या लाटायला गेली.

बापूजींनी धोतर बदललं. नवी चकती घरात ठेवायची नसते, दुसऱ्याला द्यायची असते, असा मनोहररावांचा नियम होता. पण तेवढ्यानं बापूजींचं भागेना. मनोहररावांना आईसकट लेक दाखवायची, म्हणून अख्खी बरणीच सावनेरला न्यायची ठरली.

"मी घेतो," मी म्हणालो.

"राहू द्या. तुमी पानी हिंदळवान, सांडन."

त्यांनी वाकून आठ लिटरची बरणी स्टुलावरून उचलली, दारापर्यंत नेली, नीट खाली ठेवली आणि तिच्या शेजारीच बसले. चेहरा पांढराफटक. संत्रं दगडासारखं झालं होतं.

रामदासपेठेत डॉक्टरांनी विचारलं, "काही जड उचललं का?"

"बरणी," उत्तरा म्हणाली.

"कशाची?"

"हर्नियाच्या औषधाची."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं नाही.

ऑपरेशनला पस्तीस मिनिटं लागली.