चौसष्ट टक्के बचत

आनंदीने मुठीतला कोकमाचा रातांबा इतक्या जोरात फोडला की लाल रस थेट देवेशच्या टॅबवर उडाला. त्याने शांतपणे काच पुसली आणि मघाचंच वाक्य पुन्हा वाचून दाखवलं.

"काकी, तुमची सुधारणा शून्य टक्के आहे."

"शून्य कशी? आमका वीज नको, गॅस नको. आमची सोलां उन्हात सुकतत."

"तेच तर. पंच्याण्णव साली तुमची ऊर्जा शून्य होती, आजही शून्य आहे. मग बचत कुठे दिसणार?"

देवेश पुण्याच्या एका संस्थेतून आला होता. खाण्याचे जिन्नस तयार करायला कोणत्या देशात किती ऊर्जा लागते आणि तीस वर्षांत ती किती घटली, याची तुलना ही संस्था करत असे. बचत दहा टक्क्यांच्या वर गेली की मालाला हिरवा शिक्का मिळे. त्याने आनंदीपुढे तक्ता धरला. जर्मनीची रेघ उंचावरून निघून ऐटीत खाली उतरत होती. जपानचीही उतरत होती. सरबताच्या एका कारखान्याने पूर्वी मनसोक्त वीज जाळून ठेवली होती, त्यामुळे त्याला कमी करायला भरपूर वाव मिळाला आणि शिक्काही मिळाला. आनंदीच्या आचऱ्यातल्या महिला गटाची रेघ तेवढी तळाशी आडवी पडली होती, दुखणाइतासारखी.

"मगे काय करू? सूर्याचा बटण बारीक करू?"

खळ्यावरच्या बायका हसल्या. आनंदी हसली नाही. शिक्का नसेल तर यंदा आमसुलं परदेशी जाणार नाहीत, असं व्यापारी कमरुद्दीनभाईंनी सकाळीच फोनवर सांगितलं होतं. वीस वर्षं गटाचा माल तेच उचलत. तेही संतापले होते, पण त्यांच्या संतापाला बंदरावर कोणी विचारत नव्हतं. आठ क्विंटल माल होता, आणि पाच घरांचा पावसाळा त्यावर निघायचा होता.

"आणि ह्ये हात?" आनंदीने दोन्ही तळवे त्याच्या नाकासमोर आणले. मनगटापर्यंत काळपट तांबडे, मिठाने चिरलेले. "एकेक सोल सात वेळा रसात बुडवूचा, सात वेळा उन्हात पसरूचा. ता कोण करता? तुजो जर्मनी?"

"हात ऊर्जेत धरत नाहीत, काकी."

"कित्याक धरनत नाय? पेज पोटात गेली तरच चलतत ते. ती पेज लिव."

देवेशने टॅबवरची पानं सरकवली. मनुष्यश्रमाचा एक रकाना खरोखरच होता, अगदी शेवटच्या पानावर, आजवर कोणी न भरलेला. एका बाईच्या एका दिवसाला ठरलेली ऊर्जा होती. बाई किती तास राबली, हे विचारायची सोय मात्र नव्हती.

"पंच्याण्णव साली बायका किती होत्या?"

"चौदा. वीस दिवस लागायचे."

"आणि माल?"

"आठ क्विंटल. आता हा तेवढोच."

"आता किती जणी?"

"पाच. दिवस वीसच. पण तेवा दुपारी निजूक गावायचा. आता चार घासपण हयच बसान खातंव."

"तासांचा रकाना नाही," असं म्हणून देवेशने बटण दाबलं.

रेघ हलली. आधी वर उडाली आणि मग जर्मनीला लाज वाटावी अशी धाडकन खाली आली. देवेशचा चेहरा उजळला.

"काकी, चौसष्ट टक्के बचत. तेरा देशांच्या तक्त्यात तुम्ही पहिल्या."

पाचांतली सर्वांत लहान कैनात टाळी वाजवणार होती, पण काशीबाईंनी आधी तोंड उघडलं. त्या बहात्तर वर्षांच्या. जुन्या चौदांपैकी त्या आणि आनंदी, दोघीच उरल्या होत्या.

"कसली बचत रे?"

"नऊ बायकांची ऊर्जा वाचली, आजी."

"वाचली?" काशीबाईंनी हातातलं साल खाली ठेवलं. "सावित्री त्या रसाच्या पिपाकडे पडली, ती उठूकच नाय. किशोरीचो कणो गेलो, ती खाटेर आसा. सारिका तारकर्लीक हॉटेलातल्यो चादरी धुता. वाचली कोण ता सांग."

देवेशने मान खाली घालून पुढचा रकाना उघडला. बचत कोणत्या उपायाने साधली? उत्तरं तीनच होती: नवी यंत्रे, नवे इंधन, सुधारित कार्यपद्धती.

"सावित्री मेली म्हणान लिव," आनंदी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, तरी खळ्यावरचे सगळे हात थांबले.

"लिहिता येत नाही, काकी. तिन्हीतलं एक निवडावं लागतं." त्याने तिसरं निवडलं. "आता खाली तुमची सही. एक हमी आहे, ती सगळ्याच देशांना आहे. पुढच्या पाच वर्षांत आणखी वीस टक्के कमी करू, एवढंच."

पाचांतले वीस टक्के किती, हे कोणी मोठ्याने म्हटलं नाही. कैनात स्वतःच्या नखांकडे बघू लागली. उरलेल्या दोघी ढग शोधू लागल्या. आभाळात ढग नव्हते. काशीबाईंकडे कोणीच बघत नव्हतं, आणि हे न बघणं सगळ्यांना एकाच वेळी इतकं नीट जमलं की काशीबाईंच्या ते लक्षात आलं.

"कर गो सही," त्या आनंदीला म्हणाल्या. "पाच वर्सां कित्याक? माका तेवढी लागाची नायत."

आनंदीने बोट पदराला पुसलं आणि सही केली. तिचं नाव काचेवर वेडंवाकडं उमटलं. देवेशने अभिनंदन केलं.

मग आनंदी उठली, काशीबाईंच्या पुढ्यातली रातांब्यांची भरलेली टोपली धरली आणि आपल्याकडे ओढू लागली. काशीबाईंनी दुसरी कड घट्ट पकडली. टोपली होती तिथून हलली नाही.