रविवारचा अकराचा उजेड

शरद ऋतूत सकाळी अकराच्या सुमाराला बालीगंजच्या आमच्या घरात जो उजेड येतो, त्यात पांढरेपणा कमी आणि कढवलेल्या तुपाचा रंग जास्त असतो. त्या उजेडात अण्णा डावा हात उंच धरत आणि बोटांच्या फटींतून निथळणारं ऊन चेहऱ्यावर घेत बराच वेळ उभे राहत. खाली भाजीवाल्याची हाक, पलीकडे लोकल गाडीचा दूर जाणारा खडखडाट, आणि मध्ये हा उंच, किंचित वाकलेला माणूस, जणू उन्हाची नाडी पाहत असलेला. मग ते हात खाली घेत, चष्मा धोतराच्या सोग्याला पुसत आणि दुसरा चहा मागत.

अण्णा म्हणजे माझे वडील. बंगालीत रहस्यपट काढणारे मराठी दिग्दर्शक. आमचे पणजोबा नोकरीसाठी बंगालात गेले आणि तिथेच राहिले, त्यामुळे अण्णांचं बंगाली शहराच्या जुन्या भागातल्या, बागबाजारच्या माणसासारखं अस्खलित होतं, फक्त आकडे ते मराठीत मोजत. त्याच बागबाजारपासून जुन्या काळी मराठ्यांच्या धास्तीने खंदक खणला गेला होता. तिथे चित्रण असलं की अण्णा मिशीत हसत म्हणत, "आपल्या पूर्वजांनी या लोकांना फुकट घाबरवलं. मी निदान तिकीट लावून घाबरवतो."

त्यांच्या भीतीला अंधार लागत नसे. अंधारात कुणीही घाबरतं, त्यात दिग्दर्शकाचं काय कर्तृत्व, असा त्यांचा सवाल असे. त्यांची भीती भर दुपारी, लख्ख उन्हात, गच्चीवर कैरीच्या फोडी वाळत घालणाऱ्या बाईच्या पाठीमागे उभी राही. पाण्याच्या टाकीआडून दोन अनोळखी चपला दिसत. प्रेक्षकाला दिसत, बाईला दिसत नसत. बाई गुणगुणत फोडी पसरत राही आणि थिएटरातली माणसं खुर्चीचे हात घट्ट धरत. तो चित्रपट लागल्यावर शहरातल्या कित्येक बायका गच्चीवर गेल्या की आधी टाकीमागे डोकावून येत. आजचे तरुण दिग्दर्शकही टाकी दाखवतात, चपला दाखवतात. पण ती बाई किती निर्धास्त, किती सुखात होती हे दाखवायला विसरतात. अण्णांचा सगळा जीव त्या बाईच्या गुणगुणण्यात असे.

मी त्यांच्याकडे नऊ वर्षं कंटिन्युइटी पाहिली. चित्रपट तुकड्यातुकड्यांनी काढतात. आज दाराबाहेरचा, महिन्याने दाराआतला. दोन्हींत पदर त्याच खांद्यावर हवा, कप तितकाच भरलेला हवा, हे डोळ्यांत तेल घालून पाहायचं आणि चूक दिसली की तिथल्या तिथे सांगायची, एवढं माझं काम. अण्णा इतरांवर खेकसत, माझ्यावर कधीच नाही. मी चूक दाखवली की त्यांचा चेहरा उजळे. माझ्यावरची त्यांची माया आणि माझ्या नजरेचं कौतुक यांत मला तेव्हा फरक करता येत नसे, आजही येत नाही.

लग्नानंतर मी पुण्याला आले. आई गेली त्या वेळी आठ महिने तिच्या उशाशी बसले होते; नंतर वर्षभर धड झोपले नाही, नोकरी गेली, घरात खटके उडाले. अण्णा हे सगळं पाहत होते. ते एकटे उरल्यावर आमचं ठरलं, दर रविवारी अकराला व्हिडिओ कॉल. तो तुपाच्या रंगाचा उजेड अंगावर घेऊन ते खिडकीशी बसत आणि आम्ही तासभर इकडच्या तिकडच्या गप्पा मारत.

मागच्या वर्षी दुर्गापूजेच्या आधी मला त्यांचं मनगटी घड्याळ कोपराकडे सरकलेलं दिसलं. मी जुन्या सवयीने म्हटलं, "अण्णा, कंटिन्युइटी! मागच्या रविवारी घड्याळ मनगटावर होतं."

ते खळखळून हसले. "बरोबर, नंदू. चूक मान्य."

पुढच्या रविवारी घड्याळ जागेवर होतं. मग मला शर्टाची कॉलर सैल दिसली, तेही सांगितलं. पुढच्या खेपेला गळ्याभोवती मफलर आला, आणि ऐन ऑक्टोबरात मफलर म्हणून मी त्यांना पुरते बंगाली झालात असं चिडवलं. एकदा मागे खिडकीऐवजी कपाट होतं. "खिडकी कुठे गेली?" मी विचारलं. त्यानंतर खिडकी कधी चुकली नाही. मी पूजेला येते म्हटलं, तर अण्णा म्हणाले, "या गर्दीत कुठे येतेस? थंडीत ये. खजुराच्या नव्या गुळाचे संदेश निघाले की ये, मग दोघं मिळून खाऊ." मी तिकीट डिसेंबरचं काढलं.

नवा गूळ बाजारात यायच्या आधीच्या आठवड्यात, एका मंगळवारी सकाळी, शिबूदांचा फोन आला. शिबूदा म्हणजे अण्णांचे मेकअपमन, चाळीस वर्षं सोबत, अण्णांना दादा म्हणणारे. ते एवढंच बोलले की दादा गेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी, बालीगंजच्या घरात, शिबूदा माझ्यासमोर जमिनीवर बसले. त्यांचं मराठी आमच्या घरी जेवून जेवून तयार झालेलं. रंगाचा डबा मांडीवर घेऊन त्यांनी सगळं सांगितलं. आजार पूजेच्या कितीतरी आधी कळला होता. डॉक्टरांना माहीत होतं, खालच्या मजल्यावर माहीत होतं, मासळीवाल्यालासुद्धा. फक्त मला कळू द्यायचं नाही, अशी अण्णांची सक्त ताकीद होती. दर रविवारी सकाळी नऊला शिबूदा येत आणि अण्णांच्या गालांवर दोन तास काम करत. जुना लाइटमन खिडकीच्या उन्हाला जोड म्हणून टेबलावरचा दिवा लावून देई. कॉल संपला की अण्णा संध्याकाळपर्यंत डोळे उघडत नसत.

"मला का नाही सांगितलं, शिबूदा?"

"दादा बोलला, आईच्या वेळी पोरगी अर्धी मेली. आता पुन्हा नको."

मी घड्याळाबद्दल विचारलं.

"तू घड्याळ बोलली ना नंदा, त्या दिवशी दादा खूप खूश झाला. बोलला, शिबू, माझा पोरीचा नजर बघ! मग मी पट्ट्याला नवा भोक पाडला." त्यांनी डबा मांडीवर सरळ केला. "खिडकी बोलली, तेव्हा कठीण झाला. दादा तर उठतच नव्हता. मग दर रविवारी आम्ही दोघं त्याला खुर्चीसकट उचलून तिकडे नेत होतो. त्याला खूप दुखायचा. पण बोलायचा, नंदूला चूक दिसता कामा नये."

मी तिथेच भिंतीला डोकं टेकून रडले. शिबूदांनी मला थांबवलं नाही. ते डब्याचं झाकण उगाच उघडत आणि लावत राहिले.

अण्णांवर मी रागावले, अजून रागावते. पण त्या रागाचं दुसरं टोक माझ्याच हातात येतं. लपवलं त्यांनी, आणि लपवलेलं कुठे उघडं पडतंय ते मीच एकेक करून दाखवत गेले. चूक दिसली की सांगायची. ती का झाली हे विचारायला मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि लेकीला ते शिकवावं लागू नये. घड्याळ सैल दिसलं तेव्हा बाकी कुठल्याही मुलीने विचारलं असतं, अण्णा, तुम्ही इतके का वाळलात? मी हुशार निघाले.

आता रविवारी अकरा वाजले की माझ्यापुढे तेच सगळे रविवार पुन्हा सुरू होतात. माणूस गेल्यावर काळ पुढे सरकतो म्हणतात. माझा तिथेच फिरत राहतो. फोनच्या कोपऱ्यातल्या लहानशा चौकटीत एक बाई पुण्याच्या स्वयंपाकघरात बसून हसत असते, वडिलांना चिडवत असते. मी जिवाच्या आकांताने तिला सांगते, बाई, फोन ठेव आणि आजचं विमान पकड. ती कपाळावरचे केस मागे सारते, थंडीत येते म्हणते. तिला वाटतं, अजून पुष्कळ वेळ आहे.