टिंकरच्या पायातले तीन अंश

मित्रांनो, काचेच्या बारीक तंतूच्या टोकाला तांदळाच्या कणीएवढा लेप दिसतो ना, तोच मी. आता जुना झालोय, पण झालेला प्रकार आठवला की अजूनही हादरतो.

ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या एका प्रयोगशाळेत थुई नावाच्या संशोधिकेने मला घडवले. माझे अर्धे अंग काचेच्या जातीचे, अर्धे प्लॅस्टिकच्या. त्यात दोन धातू मिसळलेले. दिव्याचा झोत पडला की एक हिरवा चमकतो, दुसरा लाल. मी तापलो की हिरवा मंदावतो आणि लाल उठून दिसतो. त्यावरून तापमान कळते. थुईने मला महिनाभर स्वच्छ पाण्यात पारखले. एकदाही चुकलो नाही. केवढे कौतुक झाले! मीही फुशारलो.

मग रॉस म्हाताऱ्याचा टिंकर आला. मेंढ्या वळणारा कुत्रा, पायात कर्करोगाची गाठ. चुंबकाच्या यंत्राने ती गाठ त्रेचाळीस अंशांपर्यंत तापवली तर ती उष्णतेने मरून पाय वाचणार होता. तापमान मोजायची नेहमीची धातूची तार त्या यंत्रात स्वतःच तापते, म्हणून गाठीत मला खुपसले. मी त्रेचाळीस दाखवले.

रॉसने गाठीवर तळवा टेकला. "अगं थुई, हे कुठं तापलंय? माझी मेंढी याहून गरम लागते."

"आतलं हाताला कसं कळणार, रॉस? लोकर कातरून तळवे बधिर झालेत तुमचे!"

सगळे हसले. रॉसही हसला.

असे तीनदा तापवले. गाठ मात्र वाढतच गेली! शेवटी थुईने यंत्र बंद करून लगेच माझ्या शेजारी तार खुपसली. मी त्रेचाळीस, तार चाळीस!

थुई पांढरीफटक पडली. "रक्तानं हिरवा उजेड गिळला. आणि आपण पाण्यात पारखत बसलो!"

माझा हिरवा मंदावला नव्हता, वाटेतच अडला होता. मी गरम नसताना गरम दिसलो, आणि सगळ्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

पाय कापावा लागला. टाके काढायला टिंकर तीन पायांवर उड्या मारत आला. थुईला मान वर करवेना.

"रडणं पुरे, पोरी," रॉस म्हणाला. "पुढच्या कुत्र्याला तरी नीट मोज."

मित्रांनो, माझे जिथे काम आहे तिथेच मला पारखा. कुणी हात लावून शंका काढली तर हसू नका, तार घालून बघा. टिंकरचा पाय मला परत देता येत नाही.