माझा चुकीचा शेवट

मी एक जुनी कादंबरी आहे आणि माझा शेवट चुकीचा आहे. मित्रांनो, हे मी मान खाली घालून सांगत नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी मला फसवी म्हणायला नको.

माझी गोष्ट लिहिली गेली, त्या काळात गिरण्यांच्या धुराने भर दुपारी दिवे लावावे लागत. एका गिरणीमालकाचं मोठं घर आणि त्या घरात जिन्याखालच्या खोलीत राहणारी त्याची बिनलग्नाची आत्या. तिच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा. घरातलं प्रत्येक कपाट तिच्या हाताने उघडायचं, पण तिच्या स्वतःच्या खोलीला आतून कडीसुद्धा नव्हती. चारशे पानंभर, ती चालली की किल्ल्या वाजतात. शेवटी मालक लग्न करतो. आत्या जुडगा नव्या मालकिणीच्या हाती देते, तिला आशीर्वाद देते आणि तीन पानांत शांतपणे मरून जाते. हा माझा छापील शेवट.

छापखान्यातून मी एका वाचनालयात आले. पुष्कळ हातांतून फिरले. कुणी माझ्यावर गरम कप ठेवला, कुणी माझी पानं मुडपली. दहा-बारा वर्षांत शिवण सुटली आणि शेवटची सोळा पानं कुठे गळून पडली ते कुणाला कळलंही नाही. ग्रंथपालाने मला बाइंडरकडे पाठवलं.

बाइंडरचं दुकान म्हणजे त्याच्या घराचीच पुढची खोली. तो पुस्तकं शिवायचा. त्याची बायको खळ शिजवायची आणि पुठ्ठ्यांवर कापड चढवायची. एका हाताने खळ ढवळताना तिच्या दुसऱ्या हातात दुरुस्तीला आलेलं पुस्तक असायचं. मी तिच्या हाती लागले आणि त्या दिवशी खळ करपली.

"अहो, हिला शेवटच नाही!"

"मग मी काय करू? आपण बाइंडर आहोत, देव नाही. कोरी पानं लाव."

"शाळेतल्या बाईंकडे हेच पुस्तक आहे. दोन दिवस मागून आणते आणि उतरवून काढते."

"काढ. पण मला गुरुवारी द्यायचंय."

तिने निळ्या शाईने सोळा पानं लिहून काढली. त्याने ती मोजली, दाबाखाली ठेवली आणि माझ्यात शिवली. वाचली मात्र नाहीत. गवंडी काय बांधलेल्या प्रत्येक घरात राहायला जातो का, असं तो म्हणायचा.

त्यानंतर पंचवीस वर्षं मी फिरत राहिले. निळ्या पानांशी येऊन बायका थांबायच्या. समासात पेन्सिलीच्या बारीक खुणा आहेत. एकीने 'बरं झालं' असं लिहिलंय. तक्रार एकीचीही आली नाही.

मग बाइंडरची बायको वारली. तिला जाऊन चार महिने झाले आणि माझ्यावर बालंट आलं.

शिवणकाम करणारी एक बाई बाहेरून परीक्षा देत होती. आत्याचं पात्र आणि किल्ल्यांचं प्रतीक यांविषयी लिहा, असा तिला प्रश्न आला. तिने मन लावून लिहिलं, की किल्ल्या म्हणजे आत्याचा मानही आणि तिची बेडीही, म्हणून तर शेवटी ती जुडगा खिळ्याला अडकवते आणि पुढच्या दाराने निघून जाते. बाई नापास झाली. पेपर मागवून पाहिला तर लाल शाईत शेरा होता : 'असं काहीही घडत नाही. पुस्तक वाचा.'

पुस्तक तिने दोनदा वाचलं होतं. ते पुस्तक मी होते.

ग्रंथपाल मला आणि छापील शेवटाच्या झेरॉक्स घेऊन दुकानात आला.

"मामा, मामींनी घोळ घातलाय. तेरा पानं अक्षर न अक्षर बरोबर, शेवटची तीन घरची! ती सोळाही कापा आणि ही लावा."

बाइंडरने सुरी घेतली. मित्रांनो, मी घाबरले नाही. मला राग आला. ज्या पानांमुळे माझी आत्या चालती झाली, ती पानं माझ्यातून कापून काढणार? कापून तर बघा, म्हटलं.

पण दोरा कापायचा तर पान उघडावं लागतं. पान उघडलं आणि त्याला ते अक्षर दिसलं. तो उभ्या उभ्या वाचू लागला. मग त्याने स्टूल ओढलं.

निळ्या पानांत नवी मालकीण विचारते, "यातली साखरेच्या कपाटाची किल्ली कोणती?"

आत्या म्हणते, "तीस वर्षं सगळ्यांचं सगळं मी शोधलं. आता तुम्ही शोधा. आणि मालकांना सांगा, चष्मा डोक्यावरच आहे."

बाइंडर हसला. मोठ्याने हसला. मग चष्मा काढून पुसत बसला, तो बराच वेळ. चार महिने तो आपल्याच घरात सुई, मीठ, छत्री, एकेक वस्तू शोधत फिरत होता.

"ही पानं मी कापणार नाही," तो म्हणाला.

"अहो मामा, पण ती चूक आहेत!"

"म्हणून छापील आधी लावतो. उगाच कुणाचा पेपर जायला नको. त्यामागे हिची राहतील आणि वर लिहीन, ही तीन पानं माझ्या बायकोची."

"वाचनालयाच्या नियमात बसत नाही हो."

"मग नका बसवू वाचनालयात."

ग्रंथपालाने माझ्या पहिल्या पानावर 'रद्द' असा शिक्का मारला. मारू दे. पंचवीस वर्षं जिला वाचलं तिला एका शिक्क्याने काय होतंय?

ती शिवणवाली बाई परवा येऊन गेली. बाइंडरने तिला स्टूल दिलं आणि स्वतः उभा राहिला.

"तुझं वर्ष गेलं ते माझ्यामुळे. मी तेव्हाच वाचलं असतं तर पकडलं असतं."

"गेलं खरं, काका. पुन्हा बसणार आहे. या वेळी छापलेलं लिहिते. पास व्हायचंय मला."

"आणि तुला पटतं कोणतं?"

"ते परीक्षेत विचारत नाहीत," ती म्हणाली आणि निळी पानं पुन्हा वाचायला घेतली.

मित्रांनो, पुस्तकं जपून वापरा, हे तुम्हाला कुणीही सांगेल. मी वेगळं सांगते. माझी पानं मुडपा, माझ्यावर डाग पाडा, समासात माझ्याशी भांडा. पण कुणाचं हस्ताक्षर दिसलं तर कापण्याआधी वाचा. आणि ते तुमच्याच घरातल्या माणसाचं असेल, तर ते माणूस शेजारच्या खोलीत आहे तोवर वाचा.