शेवटच्या पंगतीतले केस

मी एक जुनी शिसवी फणी आहे. एका म्हाताऱ्या कारागिराने बारीक करवतीने माझा एकेक दात कापला, तेल पाजून मला गुळगुळीत केले, आणि शिरपूरच्या बाजारात रंगूबाईने मला विकत घेतले. तेव्हा तिचे लग्न व्हायचे होते. मित्रांनो, काय केस होते तिचे! विंचरताना माझा जीव मेटाकुटीला यायचा. शेजारणी म्हणायच्या, "फणी मोठी गुणाची हाये व तुयी!" ते श्रेय माझे नव्हते, पण मी ते गुपचूप घेतले. कौतुक कोणाला नको असते?

खरे श्रेय तिच्या खाण्याचे होते. ती लग्न होऊन धनजला आली, तेव्हा शेतात कपाशीबरोबर मूग, बरबटी म्हणजे चवळी असायची आणि धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, तीळ, अंबाडी. तण निंदताना रंगूबाई ओल्या शेंगा सोलून तोंडात टाकायची. आता या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत नुसते सोयाबीन. पोत्यांची थप्पी घरात छताला टेकते आणि तशीच मार्केटला जाते. त्यातला दाणाही कोणाच्या ताटात पडत नाही. दूध डेअरीला जाते. उरलेले रंगूबाईच्या लेकाच्या, पवनच्या पेल्यात, कारण तो मुलगा.

त्याची बहीण हेमला. बारावीला आहे. आईने मला कौतुकाने तिच्या हाती दिले, तेव्हा तिची वेणी कमरेखाली होती. यंदा पाहुणे बघायला येणार म्हणून हेमला चांगल्या स्थळासाठी सोमवार धरू लागली. मग शनिवार, मग चतुर्थी. त्या दिवशी मूठभर साबुदाणा आणि चहा. एरवी घरातल्या पुरुषांची जेवणे झाली की आईबरोबर भाकरी आणि वरणाचे पाणी.

शरीरातही पंगती बसतात, मित्रांनो. खाल्लेले आधी हृदयाला, मेंदूला, फुप्फुसांना वाढले जाते. केस शेवटच्या पंगतीला. डाळी, अंडी, दूध, पालेभाज्या पोटभर असल्या तर त्यांनाही मिळते. हेमलाच्या केसांपर्यंत काहीच पोचत नव्हते. तिची नखे पांढुरकी झाली, विहिरीवरून घागर आणताना तिला दम लागू लागला. आणि केस झुपक्याने माझ्या दातांत येऊ लागले. मला ओरडून सांगावेसे वाटे, पण फणीला दात असतात, जीभ नसते.

तो गुंतवळ रंगूबाई भिंतीच्या फटीत जपून ठेवायची. गुंतवळावर भांडी देणारी सोनीबाई गावात आली, तेव्हा तो गोळा हातात घेऊन ती थबकली.

"एवढा गुंतवळ एका पोरीचा? काय खाऊ घालता व तिले?"

"सारे उपास धरते मायी लेक," रंगूबाई अभिमानाने म्हणाली, आणि तिने टोपलीतला एक स्टीलचा गडवा उचलला. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद मला बघवेना. ती वाईट बाई नाही हो. तिनेही जन्मभर शेवटीच खाल्ले. लेकीने वेगळे काही खावे, हे तिला सुचलेच नाही.

पुढे भांगाजवळ टाळू दिसू लागली, तेव्हा मात्र ती घाबरली. तिने तेले बदलली, मिरच्यांनी नजर उतरवली. अखेर तिचे लक्ष माझ्याकडे गेले. माझे दोन दात तुटले होते.

"हेच करून राह्यली सारं! हिनंच केस तोडले तुये."

"माय, फणीनं काय होते व?" हेमला हळूच म्हणाली. "मले उभंच राहवत नाही आताशा."

"पाहुणे येतीन तवा काय दाखवू मी त्याइले?" म्हणताना रंगूबाईचे डोळे भरून आले. तिने मला मोरीमागच्या चिखलात फेकले.

तिथेच पडून आहे मी. माझे काही नाही, लाकूड कधीतरी कुजायचेच. पण मित्रांनो, तुमच्या घरी कोणाचे केस गळत असतील तर फणीला आणि तेलाला बोल लावण्याआधी तिचे ताट एकदा बघा. ती केव्हा जेवते, आणि तेव्हा पातेल्यात काय उरलेले असते, तेही बघा.

माझे सांगणे या घरापर्यंत पोचणार नाही, हे मला ठाऊक आहे. आत्ताच भिंतीपलीकडून रंगूबाईचा आवाज आला, "केसासाठी आता गुरुवार बी धर, हेमला. देव पाहीन आपल्याकडे."

आणि हेमला "हो" म्हणाली.