उंटाचे मागचे पाय

हे तुम्हाला कुणालाच पटायचं नाही, आणि ज्याला पटेल त्याने डोकं तपासून घ्यावं. आज सकाळी आपण ज्याला पुरून आलो, तो ॲल्विन हॅडॉक एकदा उंटाच्या पोटात बसून समुद्रात गेला होता. मी या डोळ्यांनी पाहिलंय. उंटाचं तोंड मीच तर होतो!

"झालं, लागला म्हातारा!" गल्ल्यामागून बर्नी ओरडला. "अरे, मेलेल्याला तरी सोड, नॉरिस."

पण मला सांगायला लावलं होतं ते यानेच. विणकरांच्या क्लबात अंत्यविधीनंतरचा चहा चालला होता. हॅम सँडविच होते, मटणाचे पॅटिस होते, आणि बोलायला कुणाकडे काही नव्हतं. एडिथ, ॲल्विनची बायको, काळी टोपी न काढताच कोपऱ्यात बसली होती. बर्नी माझ्या कानाला लागला, "काहीतरी सांग रे, जरा हसेल तरी ती." आता हसवणं हा माझा धंदा. मी उठलो.

तर पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट. मी आणि ॲल्विन याच क्लबात दर रविवारी दुपारी उंट व्हायचो. उंट जुन्या सतरंजीचा, एडिथने शिवलेला. पुढच्या पायांत मी. विनोद माझे, नकला माझ्या, टाळ्याही माझ्या. मागच्या पायांत ॲल्विन, कमरेत वाकलेला, नाक माझ्या पट्ट्याला टेकलेलं. अकरा वर्षं त्याने जगाचं जे काही पाहिलं ते माझ्या पँटचं बूड.

"तरीच बिचारा इतका शांत होता," बर्नी म्हणाला. हशा पिकला. एडिथ हसली नाही.

मग एक दिवस बातमी आली, की मँचेस्टरहून टीव्हीचा माणूस येतोय, नवे चेहरे शोधायला. ॲल्विन म्हणाला, "नॉरिस, चेहरा तुझाच दाखव. मला फक्त एक गाणं म्हणू दे. उंटाची चेन उघडायची, मी उठून उभं राहायचं, एक गाणं, की परत आत. एकदा तरी कंबर सरळ करू दे."

मी म्हटलं, "एक काय, दोन म्हण!" मी असा दिलदार.

शनिवारी त्याने ते गाणं आमच्या स्वयंपाकघरात म्हणून दाखवलं. धुक्यात भोंगा वाजवणाऱ्या माणसाचं होतं. आईने किटली ठेवली होती. पाणी उकळलं, आटलं, बूड जळलं, तरी ती जागची हलली नाही. माझी आई ही! माझ्या विनोदाला तीस वर्षांत तिच्या ओठाची कड हलली नव्हती.

असो. तो मुद्दा नाही.

आता आपल्या क्लबाचा धर्म तुम्हाला ठाऊक आहे. स्वर्गातून देवदूत उतरून गात असला तरी पॅटिस आले की सेक्रेटरीने माइक घ्यायचा, सांगायचं, आणि अख्ख्या हॉलने उठून रांग धरायची. पॅटिस यायचे दीडला. एडिथच आणायची, तेव्हा ती बेकरीत कामाला होती, ॲल्विनशी लग्न ठरलं होतं. म्हणून गाणं ठरवलं एकला. अर्धा तास हाताशी. चुकायला जागाच नाही.

एक वाजला. मी चेन ओढली. ॲल्विन उभा राहिला. खाली उंटाचे केसाळ पाय, वर पँटचे खांदेपट्टे आणि घामेजलेला शर्ट. लोक हसले. मग तो गायला लागला. पहिल्या कडव्याला पेले खाली ठेवले गेले. दुसऱ्याला टीव्हीवाल्याने पेन ठेवलं. मी बाजूला उंटाचं मुंडकं बगलेत धरून उभा, आणि माझ्याकडे एकाचंही लक्ष नव्हतं.

आणि तेवढ्यात पॅटिस आले!

आता इथे नक्कल नको का? आपला जुना सेक्रेटरी ग्रिमशॉ, देव त्याच्या आत्म्याला शांती देवो. मी हनुवटी छातीत घुसवली, आवाज पोटातून काढला: "खों, खों. मंडळी, पॅटिस आलेत. गरम आहेत. रांग भिंतीकडून."

लोकांनी टेबलं बडवली. "हुबेहूब रे, हुबेहूब!" पन्नास वर्षांत हा आवाज मी काढला नव्हता. कसा कोण जाणे, आपसूक आला.

तर दोनशे माणसं उठली. खुर्च्या करकरल्या. ॲल्विन तिसऱ्या कडव्यात तसाच उभा, तोंड उघडं. त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही हो. रागाने पाहिलं असतं तर...

आणि मग उंट जिवंत झाला! सतरंजी फुगली, मुंडकं माझ्या बगलेतून निसटून धडाला जाऊन चिकटलं, चेन आपोआप वर सरकली आणि ॲल्विन आत गडप. उंटाने सहा पॅटिस खाल्ले, बर्नीच्या बापाची बिअर प्यायली, टीव्हीवाल्याच्या टोपीत शिंकला आणि निघाला ट्रामच्या रुळांवरून थेट समुद्राकडे. पोलिसाने अडवलं तर त्यालाही पाठीवर घेतलं. भरती होती. उंट गळ्यापर्यंत पाण्यात, आणि आतून गाणं ऐकू येतंय.

"आणि टीव्हीवाला?" कुणीतरी विचारलं.

उरलो मीच. मला घेऊन गेला. तीन वर्षं पडद्यावर होतो, पक्ष्याच्या वेशात.

"अहो, पण ॲल्विन दुसऱ्या दिवशी घरी होता की!" बर्नी म्हणाला. "नंतर तीस वर्षं बस चालवली त्याने. मी रोज त्याच बसने जायचो."

होता ना. समुद्राने माणूस परत दिला, गळा तेवढा ठेवून घेतला. म्हणून तर तो पुन्हा कधी गायला नाही. न्हाणीघरात सुद्धा नाही. आहे की नाही, एडिथ?

तेव्हा कुठे तिने टोपी काढली. मांडीवर ठेवली.

"नॉरिस, उंट माझ्या माळ्यावर आहे," ती म्हणाली. "तो आवाज परत काढ."

"कुठला?"

"ग्रिमशॉचा."

लोक टाळ्या वाजवू लागले. काय करणार? "खों, खों. मंडळी, पॅटिस..."

"ग्रिमशॉ कधी खोकत होता, बर्नी?"

बर्नीने पेला पुसायचं थांबवलं. "ग्रिमशॉ? छे. कधीच नाही."

"त्या रविवारी बेकरीत फोन आला होता," एडिथ म्हणाली. "'मी ग्रिमशॉ बोलतोय, आज पॅटिस अर्धा तास आधी आण.' मी आणले. ग्रिमशॉ मरेपर्यंत सांगत राहिला, 'मी फोन केलाच नव्हता.' मला वाटलं, माझंच ऐकण्यात चुकलं. ॲल्विनचं गाणं मी मारलं म्हणून पन्नास वर्षं त्याची माफी मागत आले रे मी. तो म्हणायचा, जाऊ दे गं. परवाही, दवाखान्यात, हेच म्हणाला."

मी खुर्ची शोधू लागलो.

"ग्रिमशॉ खोकत नव्हता, नॉरिस. फोनवरचा दोनदा खोकला होता. समुद्रबिमुद्र सगळं खोटं. तो फोन तू केला होतास."