नव्वद घोडे पुरेत

"तीनशे घोडे? बांधू कुठे त्यांना? माझ्याकडे तबेला नाही रे, केइयो."

हिल्का धक्क्यावर कमरेवर हात ठेवून उभी होती. समोर पाण्यात दोन जुन्या वॉटर स्कूटर डुलत होत्या. एक काळी, थोराड, सोळाशे सीसीची, तीनशे घोड्यांच्या ताकदीची. दुसरी फिकट हिरवी, नऊशे सीसीची, नव्वद घोड्यांची. काळीच्या शेजारी ती एखाद्या करडासारखी दिसत होती.

केइयो जुन्या स्कूटर दुरुस्त करून विकतो. शाळेत तो हिल्काच्याच वर्गात होता, त्यामुळे दोघांत भीडभाड नाही. "अगं, ऐन वाऱ्यात घोडे लागतात," तो म्हणाला. "ही हिरवी म्हणजे पोरासोरांचं खेळणं. तुझ्या वयाला ही काळी बरी. सोफ्यावर बसल्यागत जाशील."

"माझं वय कशाला काढतोस? तुझंही तेवढंच आहे, आणि पोट दुप्पट."

"आई, तो बरोबर बोलतोय," माझा नवरा सामुली म्हणाला. "जड वाहन पाण्यावर घट्ट बसतं. सिनीचंही हेच म्हणणं आहे."

माझं तेच म्हणणं होतं. आठ महिन्यांची वेन्ला माझ्या छातीशी बांधलेली होती. ती झाल्यापासून मला सगळीकडे कडा, पायऱ्या आणि पाणीच दिसतं. बाबागाडी घेतानासुद्धा मी दुकानातली सर्वांत जड उचलली होती. खरं तर एकसष्टाव्या वर्षी सासूने असल्या वाहनावर बसूच नये असं मला वाटत होतं. पण बसायचंच असेल, तर निदान मोठ्यावर.

हिल्का पालिकेची परिचारिका. साइमा सरोवरातल्या बेटांवर जे म्हातारे उरलेत, त्यांच्या घरी ती जाते. इंजेक्शन देते, जखमा बांधते, नखं कापते, टपाल वाचून दाखवते. बत्तीस वर्षं हेच. सासरे होते तोवर होडी ते हाकायचे आणि ती पुढे औषधांची पिशवी मांडीवर घेऊन बसायची. दोन वर्षांपासून एकटीच जाते. गेल्या आठवड्यात त्या होडीचं इंजिन बसलं ते बसलंच. कचेरीतून फोन आला: दुसरी होडी मिळणार नाही, बेटांवरच्या तिघांना सोमवारी गावातल्या वृद्धाश्रमात हलवू.

"सोमवारच्या आत मी वाहन आणते," एवढंच हिल्का म्हणाली, आणि शेजाऱ्याची होडी मागून तिने आठवडा काढला. तिघांतला तोइव्हो नव्वदीचा. इन्सुलिन टोचल्याशिवाय त्याला खाता येत नाही, म्हणून रोज सकाळी तो लापशी समोर निवत ठेवून खिडकीत तिची वाट बघत बसतो. वृद्धाश्रमाचं नाव काढल्यावर त्याने हिल्काला विचारलं होतं, "तिथून पाणी दिसतं का?" दिसत नाही.

केइयोने काळीचं गुणगान चालूच ठेवलं होतं. इंजिन फक्त साठ तास चाललेलं. हवा दाबून भरणारा सुपरचार्जर नुकताच उघडून साफ केलेला.

"आणि तो दर दोन वर्षांनी उघडावा लागतो," हिल्का म्हणाली. "पेट्रोलही भारीतलं लागतं. बेटावरच्या पंपावर साधंच मिळतं. पण ते राहू दे. मला दोन्ही उलटवून बघायच्या आहेत."

केइयोने टोपी मागे सारली.

"बाई, गिऱ्हाईक चालवून बघतं," केइयो म्हणाला. "बुडवून नाही."

"चालवता येतं मला."

ती घरून पाणबुड्यांचा रबरी पोशाख अंगात घालूनच आली होती. तो असूनही पाण्यात उतरताना तिचा श्वास अडकलेला मला ऐकू आला. जूनमध्ये आमच्या सरोवराचं पाणी दात कडकडवतं.

काळी उलटवायला सामुली आणि केइयो दोघे लागले, तेही दोर लावून. सामुली खूश. "पाहिलंस? उलटतच नाही."

"उलटली की," पाण्यातून हिल्का म्हणाली. "आता तुम्ही बाजूला व्हा, सुलटी मी एकटी करणार. कुणी पाण्यात उतरलं तर मी घरी जाईन."

तिने बुडाची, पाणी आत घेणारी जाळी धरली, कडेवर गुडघा रोवला आणि मागे अंग टाकलं. काळी अर्धवट कलली, थांबली आणि पुन्हा पालथी पडली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तिचा हात सुटला, आणि डोकं क्षणभर पाण्याखाली गेलं. सामुलीने बूट काढले. मी त्याची बाही धरली. का धरली, मला अजून सांगता येत नाही. सर्वांत जास्त घाबरलेली तर मीच होते.

ती वर आली, पाणी थुंकली. "हिरवी."

हिरवीला केइयोने एकट्याने पालथी घातली. सामुली ओरडू लागला, "डावीकडून ओढ, आई. डावीकडून."

हिल्काने तिकडे लक्ष दिलं नाही. ती पोहत मागच्या बाजूला गेली. तिथे एक चिकटपट्टी असते. स्कूटर सरळ असताना त्यावरची अक्षरं उलटी दिसतात; पालथी झाली की सुलटी. ती तिने शांतपणे वाचली. बाण उजवीकडे होता. भलत्या बाजूने फिरवलं तर इंजिनात पाणी शिरतं. सामुलीचे कान लाल झाले.

पहिल्या खेपेला जमलं नाही. दुसऱ्या खेपेला हिरवी कुशीवर वळली आणि फसकन सुलटी झाली. हिल्का मागून वर चढली, गुडघा घसरला, पुन्हा चढली. बटण दाबलं. इंजिन खोकलं आणि लागलं.

"लाटेत हाडं खिळखिळी करेल ती तुझी," केइयो म्हणाला. पण आवाजात दम नव्हता.

"माझी हाडं मी बघेन. तू कागद काढ." मग माझ्याकडे बघून ती हसली. ओठ निळे पडले होते. "तुझं चुकलं नाही, पोरी. काळी सहसा उलटायची नाही. पण ऑक्टोबरातलं वारं तुला माहीत आहे. तिथे मधोमध उलटले, तर हे दोघं दोर घेऊन येणार आहेत का?"

वेन्ला तिच्याकडे झेपावत होती. माझ्या मनात आलं, या बाईचं रक्त हिच्या अंगात आहे, आणि मला बरं वाटलं.

कपडे बदलण्याआधी तिने कचेरीला फोन लावला. "हिल्का बोलतेय. सोमवारची गाडी रद्द करा." पलीकडून कुणीतरी बराच वेळ बोललं. "हो, वाहन माझं स्वतःचं. लिहून घ्या, तिन्ही घरं माझ्याकडेच." फोन ठेवून ती केइयोच्या शेडमध्ये गेली, आणि पालिकेचा निळा सदरा घालून, ओले केस मागे बांधून बाहेर आली.

पाच वाजता तोइव्होचं संध्याकाळचं इंजेक्शन. औषधांची पिशवी तिने पुढच्या कप्प्यात ठेवली आणि झाकण दोनदा दाबून बघितलं. सामुलीने तिला तरंगणारं जाकीट चढवलं आणि पट्टे आवळले. मोठ्या इंजिनाचं नाव त्याने एकदाही काढलं नाही.

स्कूटरवर बसल्यावर ती थांबली. जाकिटाखाली सदरा पार झाकला गेला होता. तिने आत हात घातला, नावाचा बिल्ला काढला आणि जाकिटावर लावला. तो वाकडा लागला. पुन्हा काढला आणि नीट लावला. तोइव्हो तर तिला बत्तीस वर्षांपासून ओळखतो, पण ती कामावर निघाली होती.